दिशाच्या जबड्याचा क्लेम

कुंदनने आयुष्यात विकलेली पहिली मेडिक्लेम पॉलिसी छायामावशीची. २००२ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं त्याने सातपूरच्या एका कारखान्यात हजेरीचं काम केलं. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा दिनेश नावाच्या मित्राच्या नादाने त्याने विमा एजंटची परीक्षा दिली आणि पासही झाला. पण पास झाल्यावर खरी अडचण कळली. ओळखीशिवाय कोणी दारात उभं करत नव्हतं. मग नवा एजंट जिथे जातो तिथेच तोही गेला, नात्यात.

छायामावशी तशी सख्खी मावशी नव्हे. ती आणि कुंदनची आई दोघी सायखेड्याच्या, एकाच आळीत वाढलेल्या. छायाचं सासर मखमलाबादला. नवरा पुंजाराम दीड एकरात गुलाब, शेवंती आणि झेंडू करायचा आणि छाया तो माल गणेशवाडीच्या फुलबाजारात विकायला बसायची. एकुलती मुलगी दिशा तेव्हा दहावीला होती.

कुंदनने बाजारातच, शेवंतीच्या ढिगाशेजारी उकिडवं बसून, छायाला पॉलिसी समजावली. वर्षाचे एकवीसशे रुपये, तिघांना पन्नास-पन्नास हजारांचं संरक्षण. छाया गिऱ्हाइकाला फुलं तोलून देता देता ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, की पोटाचं, डोळ्याचं, दाताचं, हाडाचं सगळं यात बसतं का. कुंदन म्हणाला, दवाखान्यातलं सगळं बसतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला शिकवणाऱ्यांनी तसंच सांगितलं होतं आणि पुढचं विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

महिन्याभराने पॉलिसीचं पुस्तक आलं. बारीक इंग्रजी अक्षरांची दहा-बारा पानं. कुंदनने ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून मावशीला दिलं, मावशीने ते कपाटात साड्यांखाली ठेवलं. पुढच्या वर्षी सिंहस्थ होता. गोदाकाठी माणूस मावेना आणि फुलांना कधी नव्हे तो भाव मिळाला. नोव्हेंबरात नूतनीकरणाची तारीख आली, तेव्हा कुंदनने आठवण करून द्यायच्या आधीच छायाने पैसे काढून ठेवले होते.

दिशाचा त्रास त्यानंतर दोन महिन्यांनी सुरू झाला.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. ती एकाच बाजूने जेवू लागली होती, एवढंच. मग डावीकडे, खालच्या ओठाच्या कोपऱ्यापासून मागे, गाल थोडा भरल्यासारखा दिसू लागला. दुखत नव्हतं. कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, तोंडात काय धरलंयस. गंगाघाटाजवळच्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सूज आठ दिवस उतरली आणि परत आली. दुसऱ्यांदा गेल्यावर त्यांनी हिरडीवरून बोट फिरवलं, जरा दाबलं आणि चिठ्ठी लिहून दिली. हे माझ्या हातचं काम नाही, म्हणाले, कॉलेज रोडला डॉक्टर गर्गे बाई आहेत, जबड्याच्या सर्जन, त्यांना दाखवा.

छाया आणि पुंजाराम दोघेही तिच्याबरोबर गेले. डॉक्टर गर्गेंनी आधी सबंध जबड्याचा एक्स-रे काढून आणायला सांगितलं. तो उजेडाच्या पाटीवर लावून त्यांनी तिघांनाही जवळ बोलावलं. दिशाचा एक दुधाचा दात वयाच्या सोळाव्या वर्षीही पडलेला नव्हता. त्याच्याखाली पक्का दात आडवा होऊन हाडातच अडकला होता आणि त्याच्याभोवती पाण्याची पिशवी तयार झाली होती. एक्स-रेवर ती काळ्या लांबट डागासारखी दिसत होती, लिंबाएवढी. पिशवी वाढत जाते तसं बाजूचं हाड विरतं, असं बाईंनी समजावलं. शेजारच्या दाढेची मुळंही त्या पिशवीने खाल्ली होती.

छायाच्या मनात जे होतं ते पुंजारामने विचारलं, हा कॅन्सर तर नाय ना. बाई म्हणाल्या, मला तसं वाटत नाही, पण काढलेली पिशवी तपासून आल्याशिवाय मी शब्द देणार नाही.

मग दिशाने विचारलं, "नाही काढली तर जबडा तुटेल?"

"आज-उद्या नाही तुटणार," बाई तिच्याचकडे बघून म्हणाल्या. "पण या जागी हाड आता अंड्याच्या टरफलाएवढं पातळ राहिलंय. सहा महिने थांबलीस तर भाकरी चावतानासुद्धा तुटू शकतं."

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, हॉस्पिटलात दाखल करूनच करावं लागणार होतं. सगळं मिळून तीस हजारांच्या आसपास जातील, असा त्यांचा अंदाज होता. अडकलेला दात, दुधाचा दात आणि खराब झालेली दाढ निघणार होती आणि त्या जागी कृत्रिम दात बसवायचा खर्च पुढे, वेगळा.

बाहेर आल्यावर छायाने रस्त्यापलीकडच्या दुकानातून एक रुपयाचं नाणं टाकून कुंदनला फोन लावला. आपली पॉलिसी हाय ना, असं तिने विचारलं आणि कुंदन उत्साहाने म्हणाला, आहे म्हणजे काय मावशी, उद्याच ऑफिसला जातो. खरं सांगायचं तर त्याला काळजीबरोबर थोडा अभिमानही वाटला होता. त्याचा हा पहिला क्लेम होता. आपण विकलेली गोष्ट कोणाच्या तरी उपयोगी पडते, हे त्याला आता दिसणार होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावरच्या क्लार्कने त्याचं निम्मंच ऐकलं. दात ना, म्हणाला, दात बसत नाहीत. कुंदनने जबडा, ऑपरेशन असं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. क्लार्कने दातांचा खर्च पॉलिसीतून वगळलेला आहे, एवढंच परत सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

कुंदन ऑफिसच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिला. फोन करून सांगता आलं असतं. शेवटी सायकल काढून तो गणेशवाडीला गेला. बाजार उठत आला होता, छाया उरलेल्या फुलांवर ओलं गोणपाट टाकत होती. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, की दाताचं यात बसत नाही म्हणतात आणि मी तुम्हाला बसतं असं सांगितलं होतं, चूक माझी आहे.

छाया ओरडली नाही. तिने गोणपाटाच्या कडा दाबल्या, हात पुसले आणि विचारलं, "ते पुस्तक मला देताना तू वाचलं होतं का?"

"नाही मावशी."

"त्या क्लार्कने तरी तुझ्यासमोर उघडून बघितलं?"

"नाही."

"मग आता वाच," ती म्हणाली. "मला इंग्रजी येत नाय. तुला येतं. काय लिवलंय ते मला मराठीत सांग, मग बसत नसलं तर नसलं."

त्याच संध्याकाळी तो मखमलाबादला गेला. कपाटातून साड्यांखालचं पाकीट निघालं. दिशा शास्त्र शाखेला अकरावीत होती, तिचं इंग्रजी कुंदनपेक्षा ताजं होतं. ती डिक्शनरी घेऊन शेजारी बसली आणि दोघांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. वाक्यं इतकी लांब होती की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायला व्हायचं. एकेक वाक्य ते तोडायचे, मराठीत जुळवायचे आणि छाया ओट्यावर भाकऱ्या थापताना ऐकायची, मध्येच थांबवून पुन्हा सांगायला लावायची. असं तीन संध्याकाळी चाललं.

वाचता वाचता कुंदनला कळत गेलं की तो सव्वा वर्ष काय विकत फिरत होता. हॉस्पिटलात किमान चोवीस तास राहावं लागतं. दाखल झाल्यापासून सात दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. दाखल होण्याआधीच्या तीस दिवसांतल्या आणि सुटल्यानंतरच्या साठ दिवसांतल्या त्याच आजाराच्या औषधांचेही पैसे मिळतात. हे त्याने आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं, कारण त्यालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी ते वगळलेल्या गोष्टींच्या यादीत दातांपाशी पोचले. कुंदनने मोठ्याने वाचलं. दात सरळ करणं, दिसायला चांगले करणं, झिजलेले दात दुरुस्त करणं, अशा कोणत्याही उपचारांचा किंवा शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही. त्याने पुस्तक खाली ठेवलं. क्लार्क बरोबरच सांगत होता.

दिशाने पुस्तक ओढून घेतलं. "दादा, इथे पूर्णविराम नाहीये," ती म्हणाली. "स्वल्पविराम आहे. वाक्य पुढच्या पानावर गेलंय."

पान उलटलं. पुढे लिहिलं होतं, की तो उपचार आजारामुळे किंवा इजेमुळे करावा लागत असेल आणि त्यासाठी हॉस्पिटलात दाखल होणं गरजेचं असेल, तर हे वगळणं लागू नाही. कुंदनने ते तीनदा वाचलं. मग त्याने मावशीला साध्या भाषेत सांगितलं. दात किडला, खुर्चीत बसून भरून घेतला, कवळी बसवली, तर काही मिळत नाही. पण दातामुळे हाडाला रोग झाला आणि त्यासाठी दाखल करून ऑपरेशन करावं लागलं, तर मिळायला हवं. छायाने विचारलं, मिळंल, का नुसतं मिळायला हवं? कुंदन म्हणाला, मिळायला हवं, एवढंच मी सांगू शकतो, या वेळी जास्त बोलणार नाही. आणि दोन गोष्टी त्याने तेव्हाच स्पष्ट केल्या. कंपनी ज्यांचं बिल परस्पर भरते त्या हॉस्पिटलांच्या यादीत डॉक्टर गर्गेंचं हॉस्पिटल नव्हतं, म्हणून पैसे आधी आपण भरायचे आणि मग मागायचे. आणि नंतर बसवायच्या कृत्रिम दातांचं काही मिळणार नाही.

आता आधी भरायचे तीस हजार आणायचे कुठून, हा प्रश्न होता. पुंजारामकडे ठिबकच्या नळ्यांसाठी ठेवलेले अकरा हजार होते. ते त्याने काढून दिले. उरलेल्यांसाठी छायाच्या डोक्यात भिशी होती. फुलबाजारातल्या वीस बायका दर महिन्याला हजार-हजार घालायच्या आणि चिठ्ठी निघेल तिला वीस हजार मिळायचे. फेब्रुवारीची चिठ्ठी सरुबाईची निघाली होती. सरुबाई छायाच्या समोरच मोगऱ्याचे गजरे करून विकायची. घरावरचे पत्रे बदलायचे म्हणून ती वर्षभर या चिठ्ठीची वाट बघत होती. छायाने तिला सरळ विचारलं आणि हेही सांगितलं, की विमा कंपनी देईल का नाही ते नक्की नाही, पण माझी चिठ्ठी निघंल तेव्हा ती तुझी.

सरुबाई गजरा गुंफता गुंफता म्हणाली, "पावसाला अजून चार महिने हायेत. पोरीचं हाड तेवढं थांबायचं नाय."

ऑपरेशन फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झालं. सकाळी नऊला दिशाला आत नेलं आणि साडेअकराला डॉक्टर गर्गे बाहेर आल्या. पिशवी पूर्ण निघाली होती, जबडा शाबूत होता. ओठाला संवेदना देणारी शीर त्या जागेतून जाते, ती वाचवली आहे, पण काही आठवडे ओठ बधिर वाटेल, असं त्यांनी सांगितलं. छायाने पदर तोंडाला लावला आणि तिथेच बाकावर बसली. दोन दिवसांनी दिशा घरी आली. आठवडाभर पेज, ताक आणि मऊ भात. तपासणीचा अहवाल आठव्या दिवशी आला. साधीच पिशवी, वाईट काही नाही. ते ऐकल्यावर पुंजाराम तसाच मळ्यात निघून गेला. तास-दोन तासांनी परत आला तेव्हा डोळे लाल होते, आणि औषध फवारत होतो असं म्हणाला.

कुंदनने दिशा दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसला लेखी कळवलं होतं आणि पोच घेतली होती. एकतीस हजार चारशेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, अहवाल, सगळं क्रमाने लावून त्याने मार्च संपायच्या आत क्लेम दाखल केला. क्लेम तपासायचं काम कंपनीने मुंबईतल्या एका एजन्सीला दिलेलं होतं. एप्रिलच्या मध्यावर तिथून एका कागदाचं उत्तर आलं. दातांचे उपचार पॉलिसीतून वगळलेले असल्याने क्लेम नामंजूर.

त्या दिवशी तो दिनेशला भेटला. दिनेश या धंद्यात त्याच्यापेक्षा दोन वर्षं जुना. तो म्हणाला, सोपं आहे. दिशा जिन्यावरून पडली आणि जबड्याला मार लागला असं डॉक्टरांकडून नवीन पत्र घे. अपघात म्हटलं की कोणी दाताचं नाव काढत नाही. असे दहा क्लेम मी काढून दिलेत. कुंदनला ते पटलं नाही. पण पटलं नाही म्हणून डोक्यातून गेलंही नाही. सरुबाईचे वीस हजार डोळ्यांसमोर होते आणि पाऊस दीड महिन्यावर आला होता. दोन दिवस विचार करून तो डॉक्टर गर्गेंकडे गेला आणि अडखळत, नजर टेबलाकडे ठेवून, असं पत्र मिळेल का म्हणून विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. "ती पडली नाही, तर पडली असं मी कसं लिहू?" त्या म्हणाल्या. "आणि उद्या तिच्या जबड्याला काही झालं, दुसऱ्या डॉक्टरने माझे कागद बघितले, तर तो चुकीच्या गोष्टीवर उपचार करेल. ते पुस्तक आणलंय का तुम्ही?"

पुस्तक पिशवीतच होतं. बाईंनी ते कलम वाचलं, पान उलटलं, पुढचंही वाचलं. मग त्या म्हणाल्या, यात खोटं लिहायची गरज कुठे आहे, यांना हवं ते सगळं खरंच घडलेलं आहे. नामंजुरीचं पत्र आणि कलम शेजारी ठेवून त्यांनी स्वतःच्या हाताने दोन पानी पत्र लिहिलं. हा जबड्याच्या हाडाचा रोग आहे, दिसण्यासाठी किंवा झिजेसाठी केलेला उपचार नाही. हाड किती उरलं होतं, पूर्ण भूल का लागली, खुर्चीत बसवून हे करणं का धोक्याचं होतं, दोन दिवस का ठेवावं लागलं. सोबत तपासणीच्या अहवालाची प्रत. पत्र देताना त्या म्हणाल्या, हे घेऊन मुंबईला पोस्ट करू नका, इथल्या ऑफिसात मोठ्या साहेबांना भेटा.

मोठे साहेब म्हणजे चांदोरकर. निवृत्तीला वर्ष राहिलेलं होतं. कुंदनबरोबर छायाही गेली, बाजारातून तशीच, हातांना झेंडूचा वास. कुंदनने मुद्दाम काही भाषण केलं नाही. त्याने नामंजुरीचं पत्र ठेवलं, त्याच्या खाली कलमाची दोन्ही पानं आणि त्याच्या खाली बाईंचं पत्र. चांदोरकरांनी क्रमाने सगळं वाचलं. कलमाच्या दुसऱ्या पानावर ते थांबले. मग त्यांनी छायाला विचारलं, मुलगी आता कशी आहे. बरी हाय, साहेब, छाया म्हणाली, ओठाला अजून मुंग्या येतात, पण जेवती नीट. एवढंच बोलणं झालं. त्यांनी मुंबईला फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, की कलम अर्ध्यावर वाचलेलं दिसतंय, फाईल परत उघडा, मी इथून शेरा मारून पाठवतो. फोन ठेवून ते कुंदनला म्हणाले, वेळ लागेल, तोपर्यंत आठवड्याला एकदा विचारत राहा, लाजू नका.

सात आठवडे लागले. कुंदन दर सोमवारी जायचा. पाऊस सुरू झाला तेव्हा सरुबाईने घरावर प्लास्टिकचा कागद ताणला आणि छायाला एका शब्दाने बोलली नाही. त्याचंच छायाला जास्त व्हायचं. सकाळी बाजारात आली की ती आधी समोर जाऊन विचारायची, काल गळलं का.

जूनच्या शेवटी चेक आला, सत्तावीस हजार आठशे साठ रुपयांचा. जे कापलं होतं ते कुंदनने बसून समजावलं. हॉस्पिटलातलं जेवण आणि नोंदणीची फी मिळत नाही आणि पहिल्या डॉक्टरांच्या गोळ्या तीस दिवसांहून जुन्या होत्या. छायाने मान डोलावली. हे तिने ओट्यापाशी ऐकलेलंच होतं. चेक वटला त्या दिवशी ती बँकेतून थेट सरुबाईच्या घरी गेली आणि रविवारी पुंजाराम स्वतः पत्रे ठोकायला चढला. ठिबकच्या नळ्या त्या वर्षी निम्म्याच मळ्यात आल्या.

ऑगस्टमध्ये पुन्हा एक्स-रे झाला. काळ्या डागाच्या कडांनी आता धुक्यासारखं पांढरं भरून येत होतं. ते नवीन हाड होतं. डॉक्टर गर्गे म्हणाल्या, या वयात शरीर फार मन लावून काम करतं. आता दोन दातांच्या रिकाम्या जागी ब्रिज बसवता येईल. पुढचा दात आणि मागची दाढ यांच्या आधाराने मध्ये दोन कृत्रिम दात, एकसंध. त्यांच्याकडे त्याला बारा हजार लागणार होते. छायाने कुंदनकडे पाहिलं. कुंदन म्हणाला, यातला एक रुपयाही मिळणार नाही, आणि हे मी आधीच सांगितलं होतं. छाया म्हणाली, मी कुठं विचारलं? मी नुसतं बघितलं.

बाईंनीच दुसरा रस्ता सांगितला. दातांच्या कॉलेजात पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर हे काम करतात, वर शिक्षक उभे असतात, खर्च पावपटच येतो, पण फेऱ्या फार होतात. दिशाला कॉलेज संपवून जाता येणार होतं, तिने लगेच हो म्हटलं. तिथे तिचं काम पल्लवी नावाच्या डॉक्टरकडे आलं. पल्लवी येवल्याची, पैठणी विणणाऱ्यांच्या घरातली. पहिल्याच दिवशी तिने आरसा दिशाच्या हातात दिला आणि काय करणार ते सगळं दाखवून मग सुरुवात केली. सात फेऱ्या झाल्या. एकदा माप चुकलं, शिक्षकांनी सगळं परत करायला लावलं. पल्लवीने दिशाची माफी मागितली आणि दुसऱ्या वेळी एक तास जास्त बसली. दिशा घरी येऊन आईला प्रत्येक फेरीचं वर्णन करायची, कोणतं चूर्ण कालवलं, साचा कसा घेतला, दाताचा रंग पट्टीशी कसा लावून बघतात. बारावीनंतर काय करायचं असं एरवी विचारलं की ती खांदे उडवायची. आता तिने स्वतःच एकदा विचारलं, की या कॉलेजात शिकायला किती मार्क लागतात. पुंजारामने ते जेवताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याने कुंदनला गाठून चौकशी केली, की मार्कांचं ती बघंल, पण फीचं काय असतं ते तू जरा विचारून ठेव.

ब्रिजचे बत्तीसशे रुपये झाले. तेवढे दिशाने मळ्यात स्वतः लावलेल्या वाफ्यातल्या झेंडूवर दसऱ्याला निघतील असं ठरलं होतं, पण काम दसऱ्याच्या आधीच पूर्ण झालं, म्हणून पुंजारामने आधी भरले.

शेवटच्या फेरीला छाया बरोबर गेली होती. पल्लवीने दात पक्के बसवले, दिशाला चावून बघायला लावलं, एक बारीक उंचवटा घासून काढला आणि चोवीस तास कडक काही खाऊ नकोस म्हणाली. मायलेकी तिथून बाहेर पडल्या, तेव्हा बाहेर काकडीवाला गाडी लावून उभा होता. छायाने एक काकडी सोलून, मीठ-तिखट लावून घेतली. काकडी कडक असती का, यावर दोघींचं थोडं बोलणं झालं. कोवळी आहे, असं शेवटी ठरलं.

दिशाने पहिला तुकडा सवयीने उजवीकडे नेला. मग थांबली. जिभेने तो डावीकडे सरकवला आणि हळूच दात मिटले. छाया तिच्या तोंडाकडे बघत होती.

"लागतंय का काही?"

दिशाने मान हलवली. तोंड भरलेलं होतं, तरी बोलली. "आवाज येतोय, आई. या कानात आवाज येतोय."

दसरा चार दिवसांवर होता. मळ्यात झेंडू तोडायला माणसं लावली होती. छायाने उरलेली काकडी तिच्या हातात दिली आणि मखमलाबादकडे जाणारी रिक्षा थांबवली.